एक शिरस्ता, अनेक दप्तरे

मुखेड तालुक्यातील एखाद्या जुन्या शेताची वहिवाट मागे मागे शोधीत जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना हे पुरते ठाऊक असेल की एका जमिनीची कैफियत एका दप्तरात कधीच सापडत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे जुने कागद उर्दूत आणि त्यांवरची सालेही फसली. महसुलाचा कायदाच मुळी १३१७ फसली या सालाने ओळखला जाणारा. त्यानंतर १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाल्यावर तिकडच्या गाव नमुन्यांचा इकडे प्रवेश होतो. आणि सरतेशेवटी १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता व तिच्याखालील १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम येऊन आजचा सात-बारा आपल्या परिचयाचा होतो. भाषा बदलली, लिपी बदलली, सालाची गणना बदलली, रकाने बदलले. परंतु कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचे प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले: शेत कोणाच्या नावे, क्षेत्र किती, आकार किती, आणि कोणाकडून कोणाकडे कोणत्या हक्काने आले?

प्रश्न मोजके आणि दप्तरे नाना तऱ्हेची, ही जी अवस्था, तीच संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचीही नित्याची अवस्था होय. नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून किंवा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकून आमच्या भागातील जी मुले-मुली पुण्या-हैदराबादेची वाट धरतात, त्यांच्या पोटापाण्याचा बराचसा भाग ‘कलेक्शन’ या एका शब्दात सामावलेला असतो. बँकेचे खातेदार, रेल्वेचे प्रवासी, रुग्णालयातील तपासण्या, हे सारे आज्ञावलीच्या दृष्टीने संग्रहच. आणि संग्रह ठेवण्याच्या तऱ्हा अनेक. कोणी पदार्थ क्रमांकाने एका ओळीत मांडतो, कोणी एकाच्या हाती दुसऱ्याचा पत्ता देऊन साखळी करतो, कोणी नावावरून काही गणित करून थेट कप्पाच हुडकतो, तर कोणी लहानमोठेपणाच्या क्रमाने शाखा-उपशाखा फोडीत जातो. प्रत्येक तऱ्हेचे गुण वेगळे, दोष वेगळे. मात्र ज्याला संग्रह वापरायचा आहे त्याने या अंतर्गत व्यवस्थेची चौकशी करीत बसू नये, त्याने ठरलेल्या शब्दांत प्रश्न विचारावा आणि ठरलेल्या स्वरूपात उत्तर घ्यावे, एवढ्यासाठी संग्रहाने बाहेरच्या जगाशी जो करारनामा करावयाचा, त्याला इंटरफेस म्हणतात. हा करारनामा कोणत्याही जातीच्या पदार्थाला लागू पडेल असा लिहिला म्हणजे तो जेनेरिक झाला.

जेनेरिक या विशेषणाचे मर्म गाव नमुन्यावरून चांगले ध्यानात येते. नमुना छापणाऱ्याला ना गावाचे नाव माहीत असते ना खातेदाराचे. तो मोकळी जागा सोडतो. परंतु त्या मोकळ्या जागेत काय भरावे याचे बंधन रकान्याच्या शिरोभागी आधीच छापलेले असते, आणि क्षेत्राच्या रकान्यात कोणी नाव लिहू लागला तर ती चूक लिहिताक्षणीच उघडी पडते. १९९६ साली जावा ही भाषा प्रथम बाजारात आली तेव्हा तिच्या संग्रहांना असे शीर्षकच नव्हते. त्यांत वाटेल ते ठेवावे, आणि बाहेर काढताना ‘हे अमुक जातीचे आहे’ असे प्रोग्रामरने स्वतःच्या जबाबदारीवर सांगावे, असा शिरस्ता होता. जुन्या दप्तरखान्यात कागद कापडात बांधून ठेवीत, त्या बासनाला रुमाल म्हणत. चिठ्ठी नसलेला रुमाल सोडणाऱ्याची जी गत, तीच या संग्रहाच्या ग्राहकाची होई. चूक होई एका ठिकाणी, आणि बोभाटा होई भलत्याच ठिकाणी व बहुधा काही महिन्यांनी, जेव्हा चुकीचा कागद आत टाकणारा माणूस दुसऱ्या कामावर गेलेला असे. २००४ च्या जावाच्या पाचव्या आवृत्तीत ही चिठ्ठी अखेर आली.

ही कल्पना मात्र जावाची नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात सीएलयू नावाची भाषा रचली, आणि पुढे २००८ चा ट्युरिंग पुरस्कार ज्या कार्यासाठी त्यांना मिळाला त्यात या भाषेचा वाटा मोठा आहे. तीत दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांचे ऋण आजच्या अनेक भाषांवर आहे. पहिली, संग्रहातील वस्तू एकामागून एक हाती देणारा इटरेटर. चावडीवाचनाच्या वेळी गावकऱ्यांनी नोंदवही कोठे ठेवली आहे, तिची पाने शिवलेली आहेत की सुटी आहेत, याची विचारपूस करावयाची नसते; वाचणारा एकेक नोंद वाचतो आणि ऐकणारे ऐकतात; इटरेटरचे काम नेमके एवढेच. (वाचन चालू असतानाच कोणी मागच्या पानावर नोंदी घालू लागला तर काय करावे, याचे जावाने दिलेले उत्तर मला आवडते: वाचन तेथेच थांबवून तक्रार करावी, चुकीचे वाचून पुढे जाऊ नये.) दुसरी गोष्ट म्हणजे मोकळ्या जागेत येणाऱ्या पदार्थाकडून संग्रहाने घालून घेतलेली अट. वस्तू लहानमोठेपणाच्या क्रमाने लावावयाच्या तर कोणत्याही दोन वस्तूंत लहान कोण हे सांगता आले पाहिजे. आणि एकच वस्तू दोनदा ठेवावयाची नाही, तर दोन वस्तू ‘एकच’ केव्हा म्हणाव्यात हे ठरले पाहिजे. एकाच गावात एकाच नावाचे तीन खातेदार असतात आणि एकच खातेदार तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेला असतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला समानतेचा हा प्रश्न किरकोळ वाटणार नाही. गट योजना आल्यावर जुने सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले, आणि जुन्या क्रमांकाचे खरेदीखत हाती घेऊन आलेल्याला आपलीच जमीन दप्तरात सापडेनाशी झाली. ज्या खुणेवरून वस्तू कप्प्यात ठेवली ती खूणच मागाहून बदलली म्हणजे वस्तू संग्रहात असूनही हरवते. आज्ञावल्यांत हा दोष आजही वारंवार आढळतो.

येथवर प्रश्न केवळ शब्दांचा होता. वेळेचा प्रश्न अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी पुढे आणला. १९८१ च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनकेंद्रात दीपक कपूर, डेव्हिड मसर आणि स्टेपानोव्ह यांनी बीजगणिताच्या धर्तीवर आज्ञावलीचा विचार आरंभिला होता, आणि त्याच विचाराची परिणती म्हणून स्टेपानोव्ह व मेंग ली यांनी सिद्ध केलेले आज्ञावल्यांचे ग्रंथालय जुलै १९९४ मध्ये सी प्लस प्लसच्या प्रमाणसमितीने मंजूर केले. आमच्या नांदेडचे विद्यापीठ त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला स्थापन झाले, हा निव्वळ योगायोग. पण त्यामुळे साल तेवढे लक्षात राहते. स्टेपानोव्ह यांचा आग्रह असा की, करारात केवळ ‘मी शोधून देईन’ एवढेच लिहून भागत नाही. किती श्रमात शोधून देईन हेही लिहिले पाहिजे, कारण दहा हजार नोंदींत एका उडीत सापडणे आणि दहा हजार नोंदी चाळून सापडणे या दोन गोष्टींना एकच नाव देणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. महसुली दप्तराला हे तत्त्व अनुभवाने कधीच उमगलेले होते. गाव नमुना सात हा गट क्रमांकाच्या अनुक्रमाने असतो, म्हणून अमुक गट कोणाचा हे त्यातून चटकन कळते. परंतु अमुक माणसाची जमीन कोणत्या कोणत्या गटांत आहे हे त्यातून काढावयाचे तर सगळी चोपडी पालथी घालावी लागेल. सबब खातेवार असा आठ-अ निराळा ठेवला. मजकूर बहुतांशी तोच, पण प्रश्न उलटा असल्यामुळे मांडणी दुसरी.

स्टेपानोव्ह व ली यांच्या याच ग्रंथालयाने आणखी एक हिशेब चुकता केला. संग्रहाच्या दहा तऱ्हा आणि त्यांवर करावयाची वीस कामे असतील तर प्रत्येक जोडीसाठी निराळी आज्ञावली लिहिल्यास दोनशे होतात. पण संग्रहाने इटरेटर द्यावा आणि कामाने इटरेटर घ्यावा असा मध्यस्थ नेमला की दहा आणि वीस मिळून तीसच पुरतात. मराठवाड्याने हे गणित अलीकडे प्रत्यक्ष अनुभवले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, तेव्हा मराठ्यांना कुणबी दाखले मिळावेत या मागणीच्या राजकीय बाजूशी ज्याला कर्तव्य नव्हते अशा माणसानेही कामाची पद्धत न्याहाळण्यासारखी होती. खासरा पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेशपुस्तके. लिपी कोठे मोडी, कोठे उर्दू, कोठे बाळबोध. आणि प्रश्न सर्वत्र एकच. ज्याला मोडी वाचता येते त्याने मोडी नोंद वाचून द्यावी, ज्याला उर्दू येते त्याने उर्दू. शोधणाऱ्याने मात्र प्रत्येक नोंदीला तोच प्रश्न विचारावा. दप्तर वाचून देणारा आणि नोंद पारखणारा यांची कामे वेगळी काढली नसती, तर दर दप्तराला दोन्ही विद्या जाणणारा माणूस शोधीत फिरावे लागले असते.

आता ज्या प्रश्नावर मोठमोठ्या रचनाकारांचे मतैक्य झाले नाही त्याकडे वळू. डिसेंबर १९९८ मध्ये जावाच्या १.२ या आवृत्तीबरोबर जोशुआ ब्लॉक यांनी रचलेली संग्रहव्यवस्था आली. तिचा आटोपशीरपणा वाखाणण्याजोगा होता. यादी, संच आणि नाव-मूल्यांची जोडवही असे थोडकेच करार, आणि त्यांवर सारा डोलारा. पण काही संग्रह केवळ वाचण्याजोगे असतात, काहींत वस्तू बदलता येते पण वाढवता येत नाही, काहींत वाढवता येते पण काढता येत नाही. प्रत्येकासाठी निराळा करार लिहावा तर करारांचाच सुळसुळाट होतो. एकच करार ठेवावा तर त्यातील काही कलमे काही संग्रहांना पाळता येत नाहीत. ब्लॉक यांनी दुसरा मार्ग पत्करला: भर घालणे, काढणे ही कलमे ऐच्छिक ठरवली आणि ज्याला ती पाळावयाची नसतील त्याने आयत्या वेळी ‘ही क्रिया चालणार नाही’ असे सांगून काम नाकारावे अशी मुभा दिली. जावातील समांतर आज्ञावल्यांचे आचार्य डग ली यांनी पूर्वी स्वतंत्र करारांचा मार्ग चोखाळून पाहिला होता आणि तो व्यवहारात टिकत नाही असा त्यांचाही अभिप्राय पडला, ही गोष्ट ब्लॉक यांच्या बाजूने सांगितली पाहिजे.

तरीही माझे मत या तजविजीच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. या नोंदवहीत नोंद अनुक्रमाने शेवटीच घालावयाची. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवावयाची. अव्वल कारकुनाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावयाची. आणि त्यानंतर सात-बारावरील जुन्या नावाला कंस करावयाचा. जुने नाव खोडीत नाहीत, कंस करतात, ही बारीक गोष्ट फार मोलाची आहे. कारण मागची स्थिती वाचता येत राहते. लेंडी प्रकल्पासाठी गोणेगावकडे ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरी तर या कंसांचे महत्त्व कोणी समजावून सांगावयास नको. ४१२ आणि ४१३ या दोन नोंदींच्या मध्ये एखादी नोंद सरकवण्याची सोय या वहीला असती तर सगळा गाव कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत बसला असता. वहीची प्रतिष्ठा ती काय करू देते यावर जितकी, तितकीच ती काय करू देत नाही यावर अवलंबून आहे. आणि ही मनाई वहीच्या बांधणीतच असावी लागते. वही उघडून लिहू लागल्यावर कोणी हात धरील, या भरवशावर ती ठेवता येत नाही.

जावाच्या पहिल्या रचनेत नेमकी हीच चूक झालेली आहे. शेवटी ठेवलेले आधी काढावे अशा शिस्तीचा स्टॅक हा संग्रह व्हेक्टर या मोकळ्या यादीचा वारस म्हणून लिहिला गेला, आणि वारसाबरोबर मधल्या जागी वस्तू घुसडण्याचा हक्कही त्याच्याकडे आला. ज्याचा सगळा अर्थ क्रमाच्या शिस्तीत आहे, त्यालाच क्रम मोडण्याची सनद! लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या एका व्याख्यानात मांडलेला आणि पुढे जेनेट विंग यांच्यासह १९९४ मध्ये काटेकोर केलेला नियम असा आहे की, मूळ करारावर विसंबून वागणाऱ्याला वारसाकडून विपरीत अनुभव येता कामा नये. स्टॅक शब्दशः हा नियम मोडत नाही, कारण यादी म्हणून तो यादीसारखाच वागतो. बिघडते ते त्याचे स्वतःचे व्रत. ऐच्छिक कलमांची तजवीज मात्र या नियमाच्या पळवाटेवरच उभी आहे, कारण करारातच ‘कदाचित नाकारीन’ असे लिहून ठेवले की नकार हा करारभंग ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बिनतक्रार. ग्राहकाच्या दृष्टीने निरुपयोगी. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेने २०१२ मध्ये केवळ वाचनाचे स्वतंत्र करार आणले आणि कोटलिन या भाषेने २०१६ च्या पहिल्या आवृत्तीपासून वाचनीय यादी व बदलती यादी अशी दोन नावे ठेवली. करारांचा सुळसुळाट होईल ही भीती दोन-तीन करारांनी खरी झाली नाही.

वाचणे आणि लिहिणे यांची फारकत करण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते नवशिक्यांना सर्वांत जड जाते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, हे महसूल कर्मचारी आहेत. तर मग तलाठ्यांची यादी ही कर्मचाऱ्यांची यादी आहे काय? वाचणाऱ्याला आहे. तीत ज्याचे नाव वाचाल तो कर्मचारी निघणारच. पण तीच यादी ‘कर्मचाऱ्यांची यादी’ म्हणून दुसऱ्या कारकुनाच्या हाती लिहिण्यासाठी दिली आणि त्याने भाबडेपणाने एका कोतवालाचे नाव तीत घातले, तर त्याच्या समजुतीप्रमाणे त्याचे काही चुकलेले नाही, आणि तलाठ्यांची यादी मात्र बाटली. म्हणजे ‘यादीची यादी होते’ की नाही हे यादीवर अवलंबून नसून तिच्याशी काय करावयाचे यावर अवलंबून आहे. जावाच्या मूळच्या ओळवार संग्रहांनी हा भेद न पाळल्यामुळे तेथे ही भेसळ आज्ञावली चालू असतानाच पकडली जाते. २००४ च्या जेनेरिक व्यवस्थेने ती लिहितानाच पकडावी म्हणून प्रश्नचिन्हांची एक क्लिष्ट परिभाषा निर्माण केली. सी शार्पने २०१० मध्ये हाच भेद ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशा दोन साध्या शब्दांनी व्यक्त केला. व्यापकतेचा हव्यास किती महाग पडतो याचे उदाहरण पाहावयाचे तर स्कालाकडे पाहावे. २०१० च्या तिच्या नव्या संग्रहव्यवस्थेतील काही करार इतके सर्वसमावेशक झाले की त्यांची नुसती ओळख वाचूनच विद्यार्थी हबकत, आणि २०१९ मध्ये त्यांतील एक मुख्य यंत्रणा काढून टाकून रचना सोपी करावी लागली.

जुन्या दप्तरांचे काय करावे हा प्रश्न प्रत्येक राज्यकर्त्याला पडतो, तसा तो भाषेच्या रचनाकारांनाही पडला. २००४ मध्ये जावापुढे आठ वर्षांच्या जुन्या आज्ञावल्या होत्या. तिने ठरवले की चिठ्ठी तपासणीपुरती लावावी आणि तपासणी झाल्यावर काढून टाकावी, म्हणजे जुने आणि नवे रुमाल एकाच फडताळात नांदतील. त्याची किंमत अशी की प्रत्यक्ष चालू आज्ञावलीला आपल्या हातातील यादी कशाची आहे हे आजही विचारता येत नाही. अँड्र्यू केनेडी आणि डॉन साइम यांच्या संशोधनावर उभ्या राहिलेल्या सी शार्पने २००५ मध्ये जुने संग्रह तसेच सोडून त्यांच्या शेजारी नवे, कायम चिठ्ठीचे संग्रह मांडले. मराठवाड्यातही खासरा पत्रक सात-बारात विरघळवले गेले नाही, ते शेजारी ठेवले गेले. म्हणूनच २०२३ मध्ये ते उघडून पाहता आले.

आणि एकदा जाहीर झालेल्या करारात नवे कलम घालणे किती जिकिरीचे असते! जावाच्या संग्रहांत पहिली आणि शेवटची वस्तू मागण्याची रीत १९९८ पासून जागोजागी वेगळी होती. एका प्रकारच्या क्रमबद्ध संचातून तर शेवटची वस्तू सरळ मागताच येत नसे, सगळी वाचून संपवावी लागे. सप्टेंबर २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीत स्टुअर्ट मार्क्स यांनी या सर्वांना एक समान करार दिला. सुधारणा रास्त होती. पण कोटलिनने तीच नावे वापरून तीच सोय स्वतःच्या पदरची म्हणून आधीच दिलेली होती. त्यामुळे नव्या अँड्रॉइडसाठी पुन्हा बांधलेल्या आज्ञावलीत ‘पहिली वस्तू काढ’ ही जुनीच ओळ, एक अक्षर न बदलता, कोटलिनची सोय सोडून जावाच्या नव्या कलमाकडे बोट दाखवू लागली, आणि ज्या जुन्या फोनांवर ते कलम पोहोचलेलेच नव्हते त्यांवर आज्ञावली मध्येच बंद पडू लागली.